हरलेल्याचं नाव आधी

माझ्या बायकोचे धाकटे मामा हे पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना कुस्ती आणि क्लॅरोनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्यांच्या मते दोन्हीत दम लागतो, दोन्हीत बोटं आधी आणि डोकं मागून चालतं, आणि दोन्हीत नवशिका माणूस समोरच्याला काही करायच्या आधी स्वतःच लालबुंद होतो. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट, गणपतीत ऑर्केस्ट्राचा ऑर्गन, गुरुवारी भजनी मंडळाची पेटी आणि जत्रांच्या हंगामात कुस्तीच्या मैदानावर माईक, असं मामांचं वर्ष चालत आलं. मंगळवार पेठेत त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं एका खिळ्याला फाटका भाता आणि शेजारच्या खिळ्याला कुणा पैलवानानं प्रेमानं दिलेला लंगोट टांगलेला असतो. शाळेच्या संगीतबाई पेटी घेऊन आल्या की आधी लंगोटाकडं बघतात, मग पाटीकडं, आणि मग दुकान बरोबर असल्याची खात्री करायला परत रस्त्यावर जातात.

मामांचा आवाज मात्र कुठल्या दुकानात बसणारा नव्हता. जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावात भर दुपारी मैदान सुरू असताना वीज गेली. कर्णे बंद पडले, पण मामा बोलतच होते आणि लोक ऐकतच होते. शेवटी कडेच्या रसवंतीचा चरक थांबलेला दिसला, तेव्हा कुठं मैदानाला कळलं की वीज गेलीय. तो आवाज दोन वर्षांपूर्वी बसला. परत येणार की नाही या चिंतेत आमचं अख्खं घर तीन आठवडे श्वास धरून होतं, आणि त्याच तीन आठवड्यांत मी एक घोळ घातला. तो घोळ कबूल करावा म्हणूनच खरं तर हे लिहायला बसलोय. पण एकदम कबुली देणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा आधी मामांची थोडी निंदा करू द्या.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस स्वतःचा माईक घरून नेतो. लोकरीच्या जुन्या मोज्यात गुंडाळून, झब्ब्याच्या आतल्या खिशात. दुसऱ्याच्या माईकवर बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशनं दात घासणं, असं त्यांचं मत. मैदानावर गेले की ते आयोजकांना भेटत नाहीत, थेट हलगीवाल्याकडं जातात. तो उसाचं पाचट पेटवून हलगी शेकत असतो. ती तापून ताठ झाली, कडक वाजायला लागली, की मामा तिच्याजवळ कान नेऊन डोळे मिटतात आणि त्या पट्टीत आपला आवाज लावतात. मग कुस्ती कशीही होवो, बोलणं बेसूर होत नाही. पैलवान नुसते खडाखडी करत फिरत असले तर बोलणं विलंबितात. कुणी पट काढायला खाली झुकला की लय दुप्पट. आणि पाठ मातीला टेकणार असं दिसलं की मामा एकदम थांबतात. त्या थांबण्यालाच लोक शिट्ट्या मारतात. त्यांच्या वहीत प्रत्येक पैलवानाला एक पान आहे. त्यावर गाव, वडील, तालीम आणि वस्ताद या चार गोष्टी लिहिलेल्या, आणि खाली त्याच्या आवडत्या डावाचं चक्क नोटेशन. वही एकदा मी चाळत होतो, तर एका पैलवानाखाली "घिस्सा. मध्यमावरून एकदम खाली" असं लिहिलेलं. तो डाव होता की ठुमरी, हे मला आजही सांगता येणार नाही.

मध्यंतरी मामांना बॉक्सिंगच्या स्पर्धेला बोलावणं आलं. त्यांनी रीतीप्रमाणं दोन्ही खेळाडूंना त्यांच्या वस्तादांची नावं विचारली. त्या बिचाऱ्यांनी 'कोच सर' एवढंच सांगितलं. मामांनी कोच सरांचे कोच शोधून काढले, त्यांचं गाव शोधून काढलं, आणि लाल कोपऱ्यातल्या पोराची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ते पोराच्या आजोबांपर्यंत पोचले तेव्हा पहिली फेरी संपल्याची घंटा झाली होती. निळा कोपरा अजून अनोळखीच होता. संयोजकांनी गोड शब्दांत त्यांची रवानगी केली. परत येताना एसटीत मामा खिडकीकडं बघत म्हणाले, "पावणं, तीन मिनटात माणसाची ओळख हुतीया व्हय?"

आता नियमाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुस्ती निकाली झाली की बाकीचे निवेदक जिंकलेल्याचं नाव घेऊन घसा फोडतात. मामा आधी हरलेल्याचं नाव घेतात. नुसतं नाव नाही; गाव, वडील, तालीम, वस्ताद, चारही गोष्टी. मग जिंकलेल्याचं. "जितल्याचं नाव काय, लोकच घेत्यात," ते म्हणतात. ही रीत इतकी मुरली की मामांच्या मैदानात पडलेला पैलवान लगेच निघूनच जात नाही. अंगावरची माती तशीच ठेवून, माईककडं तोंड करून उभा राहतो. नाव घेतलं गेलं की माती कपाळाला लावतो आणि मग जातो.

हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथं उभा राहिलेलो आहे. कॉलेजात असताना मी सहा महिने तालमीत होतो. तालमीत मोफत मिळणारी थंडाई हे त्यामागचं प्रमुख कारण, आणि दुसरं कारण मला आठवत नाही. वस्तादांनी एका जत्रेत माझी कुस्ती लावली, समोर जयसिंगपूरकडचा एक गडी. मी माती उचलली, कपाळाला लावली, सलामी दिली, आणि पुढच्या क्षणी मला आकाशात एक घार दिसली. फार उंचावर, सावकाश फिरत होती. मैदानात उभं राहून घार कशी काय दिसते, असा विचार मी करतोय तोवर लोक हसायला लागले होते. माझ्या आयुष्यातली ती एकमेव कुस्ती. तिला लागलेल्या वेळापेक्षा मला लंगोट बांधायलाच जास्त वेळ लागला होता.

त्या हसण्यावर मामांचा आवाज चढला. त्यांनी माझं नाव घेतलं, गाव घेतलं, माझ्या वडिलांचं नाव घेतलं, तालमीचं घेतलं, वस्तादांचं घेतलं. आणि मग म्हणाले, "मंडळी, हसू नका. पडलेल्याकडं जरा बघा. उठल्या उठल्या ह्या पोरानं काय केलं? जितलेल्याचा हात वर केला. हे तालमीत शिकवत न्हाईत. हे घरातनं यावं लागतंय." हसणं थांबलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. हरून टाळ्या घेणारा त्या दिवशीचा मी एकटाच. आणि त्या गर्दीत मामांचे थोरले मेव्हणे बसले होते. चार वर्षांनी मुलीसाठी स्थळं बघताना त्यांनी आमच्या गावात चौकशी केली ती माझ्या पगाराची नाही, शिक्षणाची नाही, तर 'तो हात वर करणारा पोरगा' अजून बिनलग्नाचा आहे का, एवढीच. म्हणजे बायको, घर, सासुरवाडी, श्रावणातली जेवणं, आज मी जो काही आहे तो सगळा मामांच्या त्या चार वाक्यांतून निघालेला आहे. बायकोचं म्हणणं थोडं वेगळं आहे. "मामांनी माईकवरनं तुमची जाहिरात केली, आणि आमच्या बाबांनी माल न बघता घेतला," असं ती पाहुण्यांदेखत सांगते.

जाहिरात खोटी होती हे फक्त मला ठाऊक होतं. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, एकदा पेटीच्या दुकानात बसलो असताना मी मनाचा हिय्या करून मामांना सांगून टाकलं. त्या जयसिंगपूरच्या गड्यानं मला उठवायला हात दिला होता. मी तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. उभं राहताना तोल गेला, माझे हात वर गेले, आणि त्यांच्याबरोबर त्याचाही गेला. खानदानी बिनदानी काही नाही. मामा सुरीच्या पात्यानं पेटीच्या सुराची पितळी जीभ घासत होते, त्यांनी मान वर केली नाही. "दिसत हुतं की मला. हातात माईक हुता, डोळं काय झाकलं न्हवतं." आणि थोड्या वेळानं, "पण हात वर गेलता का न्हाई? गेलता. मग मी काय खोटं बोललो?"

त्या दिवसापासून, म्हणजे कुस्तीच्या दिवसापासून, मामांनी एक खोडी सुरू केली ती आजपर्यंत. सगळं जग माईक तपासताना 'हॅलो, हॅलो' करतं. मामा मोज्यातून माईक काढतात, टिचकी मारतात आणि माझं नाव, गाव, वडील, तालीम, वस्ताद असं सगळं म्हणून दाखवतात. रिकाम्या मैदानावर, रिकाम्या खुर्च्यांपुढं. जिल्ह्यात ज्या ज्या मैदानावर मामा गेले, तिथल्या तिथल्या कर्णेवाल्याला माझा पराभव तोंडपाठ आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेला कर्णेवाला मला बघून म्हणाला, "म्हंजे तुमी खरोखरचं हायसा व्हय? मला वाटलं, नुस्तं टेस्टिंगचं नाव हाय."

तर दोन वर्षांपूर्वी मामांचा आवाज घोगरा व्हायला लागला, मग फाटायला लागला, आणि एका लग्नात क्लॅरोनेट वाजवून झाल्यावर 'पाणी' म्हणायला गेले तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ होती. सुदैवानं साधी निघाली, ऑपरेशन करून काढली. पण डॉक्टरांनी बजावलं की तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, काही फुंकायचं नाही. त्यानंतर आवाज परत येईल का, असं मी विचारलं, तर "मौन पाळलं तर शक्यता चांगली" म्हणाले. मामांच्या गळ्यात पाटी आली. पण लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी घरातला कारभार पेटीवर सुरू केला. पाण्याला एक सुरावट, जेवणाला एक, 'दार लावा'ला एक. मामी वैतागून गेल्या. "सकाळच्या च्याला भैरवी वाजवत्यात," त्या मला म्हणाल्या, "मला वाटतंय कार्यक्रम संपला, आता घरला जायचं."

सतराव्या दिवशी मामांच्या स्वतःच्या गावची जत्रा होती. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं गाव. तिथलं मैदान मामांनी तरुणपणापासून एकदाही चुकवलं नव्हतं. गावची पंच मंडळी दुकानात आली, हळहळली, चहा प्याली, आणि बाहेरून एखादा नवा निवेदक आणावा लागेल असं चाचरत बोलली. मामांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "पावणं बोलतील." पंचांनी माझ्याकडं बघितलं. मी मागं वळून बघितलं, आणखी कुणी पाहुणा बसलाय का. नव्हता. माझा आवाज वर्गातल्या तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो, चौथ्या बाकावरची पोरं फळ्यावरून अंदाज घेतात. मामांनी मला पेटीवर पट्टी लावून दिली, दोन दिवस रियाज घेतला, आणि तिसऱ्या दिवशी पेटीचं झाकण लावून टाकलं. पाटीवर लिहिलं, "नियम इसरू नका. बाकी देवाला काळजी."

मैदानात मामा माझ्या शेजारी खुर्चीवर, गळ्यात पाटी. माईक मोज्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिला, तेव्हा तो मला पोटच्या पोरासारखा जड वाटला. सुरुवातीच्या कुस्त्या बऱ्या गेल्या. एका पैलवानाच्या वडिलांना मी वस्ताद केलं आणि वस्तादांना वडील, पण दोघं शेजारी शेजारीच बसले होते, एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसले. हळूहळू मला चव लागली. कर्ण्यातून परत येणारा स्वतःचा आवाज हे फार वाईट व्यसन आहे. शेवटची मोठी कुस्ती लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. एका बाजूला कोल्हापूरच्या तालमीतला नावाजलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला शिरोळचा सर्जेराव. सर्जेरावाची चाळिशी जवळ आलेली, घरी चार म्हशी, आणि आपल्या माणसांसमोरची ही शेवटची कुस्ती असं त्यानं आधीच सांगितलेलं. फार झुंजला. अखेर पडला.

आणि मी जिंकलेल्याचं नाव घेतलं.

नुसतं घेतलं नाही, नाचवलं. गाव, वडील, तालीम, वस्ताद, वस्तादांचे वस्ताद, कोल्हापूरची माती, रंकाळ्याचं पाणी, जे सुचेल ते. लोक पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि मी माझ्याच आवाजावर खूष होतो. मग हलगी थांबल्याचं जाणवलं. गर्दी जागजागी गप्प होत चालली होती. सर्जेराव आखाड्यात एकटा उभा होता, कमरेवर हात, अंगभर माती, तोंड माझ्याकडं. रागावलेला नव्हता. वाट बघत होता.

काय विसरलो ते मला कळलं. मामांनी पाटीवर नाव लिहून माझ्या नाकासमोर धरलं होतं. अक्षरं स्वच्छ दिसत होती. मी तोंड उघडलं, तर कर्ण्यातून फक्त माझा श्वास ऐकू आला. आयुष्यभर पोरांना 'मोठ्यानं वाच' म्हणणारा मास्तर चार शब्द वाचू शकत नव्हता. बायकांच्या बाजूला मामी उभ्या राहिल्या आणि लांबूनच दोन्ही हात हलवायला लागल्या, नको, नको. कारण मामांनी माझ्या हातातून माईक घेतला होता.

"सर्जेराव," मामा म्हणाले. मग गाव. मग वडील, मग तालीम, मग वस्ताद. वाळलेल्या पाचटावरून कुणी सावकाश चालत जावं, तसा आवाज. त्यात पट्टी नव्हती, लय नव्हती, पण एकही गोष्ट गळली नाही. सर्जेरावानं माती कपाळाला लावली, माईककडं बघून हात जोडले आणि तो आखाड्याबाहेर गेला.

परत येताना जीपमध्ये मामी माझ्याशी बोलल्या नाहीत. बायको तर पुढचे चार दिवस बोलली नाही, तिला कुणी मौन सांगितलेलं नसताना. मी मान खाली घालून बसलो होतो, तेव्हा मामांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, "घाबरू नका. पयल्या मैदानात मीबी इसरलतो." मला जरा बरं वाटलं. पुढं कधीतरी मी हे मामींना सांगितलं, तर त्या कांदा चिरायच्या थांबल्या. "ह्ये? ह्ये कवाच इसरलं न्हाईत. पयल्या मैदानाला मी हुते की." म्हणजे पडल्यावर मामांनी मला दुसऱ्यांदा उठवलं होतं, आणि या वेळीही थोडं खोटं बोलून.

डॉक्टर रागावले. किती शब्द बोललात, असं त्यांनी विचारलं. मामांनी बोटांवर मोजून दाखवले, पण वस्तादांचं नाव धरलं नाही; ते मोजायचं नसतं म्हणे. त्या पाच-सात शब्दांनी काही बिघडलं असेल असं नाही, असंच व्हायचं होतं, असं डॉक्टर आजही सांगतात, आणि मी आजही त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवू शकत नाही. आवाज परत आला, पण तो नव्हे. दुसराच कुणीतरी आला, बारीक, कोरडा, दोन वाक्यांत दमणारा. क्लॅरोनेट त्यांनी बँडमधल्या एकाला देऊन टाकलं. पेटी आहे, भजन आहे, दुकान आहे. एकदा मी माफी मागायला गेलो, तर माझ्या हातात पेटीचा भाता दिला आणि म्हणाले, "धरा जरा, गळतोय कुठं बघू."

आता मैदानाला आम्ही दोघं जातो. बोलतो मी, माझा आवाज मामांच्या मते सहाव्या बाकापर्यंत गेलाय. पण कुस्ती निकाली झाली की माईक त्यांच्या हातात देतो, आणि हरलेल्याचं नाव ते घेतात. पूर्वी हजारोंच्या गलक्यावर मामांचा आवाज चढायचा. आता तो आवाज ऐकू यावा म्हणून लोक आपणहून गप्प होतात, हलगीवाला कातड्यावर पंजा ठेवतो, रसवंतीवाला चरक थांबवतो. एवढ्या शांततेत आपलं नाव घेतलं जावं, असं पैलवानांनाही वाटत असणार. मला तरी वाटलं असतं.

मैदान भरायच्या आधी, सकाळी, मामा मोज्यातून माईक काढतात, टिचकी मारतात आणि त्या पाचटाच्या आवाजात माझं नाव घेतात. गाव, वडील, तालीम, वस्ताद. माझे वडील आता नाहीत, वस्तादही नाहीत. ती दोन नावं माझ्या नावाला जोडून एका दमात घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. पूर्वी मला लाज वाटायची. आता मी मुद्दाम मैदानाच्या पार टोकाला, रिकाम्या खुर्च्यांच्या मागं जाऊन उभा राहतो. मामा लांबूनच हात करून विचारतात, येतंय का ऐकू? अगदी स्पष्ट आलेलं असतं. तरीही मी मान हलवून नाही म्हणतो. मग ते दम घेतात, आणि पहिल्यापासून परत एकदा म्हणतात.